छोट्या कार्यशाळेसाठी मिग जोडयंत्र व त्याची तार

दिल्लीजवळ मेहरौली येथे उभा असलेला लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा आहे. त्याचे वजन सहा टनांहून अधिक असले, तरी तो एकाच ओतीव तुकड्याचा नाही. भट्टीतून निघालेले लोखंडाचे गोळे तापवून, एकावर एक ठेवून, घणाने ठोकून ते एकजीव करण्यात आले. खेड्यातील लोहार कुऱ्हाडीच्या पात्यास धारेचे पोलाद बसवितो ते याच रीतीने. या रीतीत लोखंड वितळत नाही. ते कणकेच्या गोळ्याप्रमाणे मऊ होते आणि दाबाने सांधले जाते. ज्यास आज सर्वत्र वेल्डिंग म्हणतात व शास्त्रीय परिभाषेत ज्यास वितळजोडकाम हे नाव रूढ झाले आहे, त्यात मात्र दोन्ही तुकड्यांच्या कडा प्रत्यक्ष वितळतात, त्यांच्यामध्ये तिसरे वितळलेले पोलाद मिसळते आणि हे सर्व थिजून एक होते. कल्हई किंवा डाग देण्याच्या कामात मूळ धातू घनच राहतो व वर दुसरा धातू चिकटतो. हा भेद वाचकांनी प्रारंभीच ध्यानी घ्यावा, कारण या लेखाच्या शेवटी त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

वितळण्यासाठी लागणारी उष्णता विजेच्या प्रज्योतीपासून, म्हणजे कारागिरांच्या भाषेत आर्कपासून, मिळविण्याची पद्धत १८८० नंतरच्या दशकात निकोलाय बेनार्डोस या रशियन संशोधकाने प्रचारात आणली. त्याने कार्बनाची कांडी वापरली होती. १८८८ मध्ये त्याच्याच देशातील स्लाव्यानोव्ह याने कार्बनाऐवजी धातूची कांडी घेतली व ती स्वतःच वितळून जोडात भरू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमधील ऑस्कर शेलबर्ग याने त्या कांडीवर लेप चढविला. आज आपल्या गल्लीतील ग्रिलच्या दुकानात जी लेप चढविलेली छड दिसते, तिचे कुळ हे असे आहे.

लेप कशासाठी? वितळलेले पोलाद हवेतील प्राणवायू व नत्रवायू अधाशीपणे शोषून घेते, आणि थिजताना तेच वायू बुडबुड्यांच्या रूपाने आत अडकून जोड जाळीदार व ठिसूळ होतो. लेप जळून त्याचा धूर व मळी यांचे आवरण वितळलेल्या धातूवर पसरते व हवा दूर राहते. परंतु मळी प्रत्येक वेळी हातोडीने झाडावी लागते, आणि छड वीतभर जळाली की ती टाकून दुसरी घ्यावी लागते. म्हणून संशोधकांनी असा विचार केला की, छडीच्या जागी न संपणारी तार ठेवावी व लेपाच्या जागी नळीतून वायू सोडावा. अमेरिकेतील कोलंबस येथील बॅटेल संस्थेत १९४८ साली ही कल्पना ॲल्युमिनियमसाठी सिद्धीस गेली. प्रथम जे वायू वापरले ते कोणत्याही पदार्थाशी संयोग न पावणारे, निष्क्रिय असे होते. ‘मेटल इनर्ट गॅस’ या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पद्धतीस मिग हे नाव पडले. १९५३ साली सोव्हिएट संशोधक ल्युबाव्स्की व नोव्होशिलोव्ह यांनी स्वस्त कार्बन डाय-ऑक्साइड वायूही पोलादास चालतो असे दाखविले. हा वायू निष्क्रिय मुळीच नाही. तेव्हा त्याच्या आवरणाखाली चाललेल्या कामास मिग म्हणणे काटेकोरपणे चुकीचे आहे. तथापि नाव चिकटले ते चिकटलेच, आणि आपणही येथे तेच वापरू.

यंत्र चालते कसे

यंत्राच्या पोटात तारेचे रीळ असते. दोन चाकांच्या चिमट्यात धरून एक लहान मोटर ती तार एका लांब नळीतून हातातील टॉर्चकडे ढकलते. टॉर्चच्या टोकाशी तांब्याची टिप असते. तिच्या भोकातून जाताना तारेस वीज मिळते. टिपेभोवती नोझल असून त्यातून वायू बाहेर पडतो. विजेचा दुसरा ध्रुव चिमट्याने जोडावयाच्या कामास लावलेला असतो. खटका दाबला की वायू, वीज व तार तिन्ही एकदम सुरू होतात.

बारीक तार व कमी दाब असताना येथे एक मौजेची घटना घडते. तार पुढे जाऊन वितळलेल्या धातूच्या डबक्यास स्पर्श करते. क्षणभर मंडलसंक्षेप होतो, म्हणजे ज्यास आपण घरी शॉर्ट सर्किट म्हणतो तेच. प्रवाह एकदम वाढून तारेचे टोक वितळून तुटते, थेंब डबक्यात पडतो, पुन्हा प्रज्योत पेटते, आणि तार पुन्हा पुढे येते. हे सेकंदात शंभराच्या आसपास वेळा होते. त्यामुळेच नीट जुळविलेल्या यंत्राचा आवाज तापलेल्या तेलात मोहरी एकसारखी तडतडावी तसा येतो. मधूनच ‘फट्‌ फट्‌’ असा आवाज येऊ लागला तर दाब कमी किंवा तारेची गती अधिक आहे असे समजावे. तारेचे टोक लोंबून मोठे थेंब पडू लागले तर उलट समजावे. अनुभवी कारागीर डोळ्यांइतकाच कानांवर विसंबून असतो तो यामुळे.

नवशिक्यास ही पद्धत छडीच्या मानाने लवकर साधते याचे कारणही समजून घेण्याजोगे आहे. छडीच्या यंत्रात प्रवाह स्थिर ठेवलेला असतो. हात वरखाली झाला की प्रज्योतीची लांबी बदलते व ती सांभाळणे कारागिराच्या कसबावर असते. मिग यंत्रात विजेचा दाब स्थिर ठेवतात व तारेची गती ठरलेली असते. समजा, तारेचे टोक कामाच्या अधिक जवळ आले. प्रज्योत आखूड झाल्यामुळे तिचा रोध कमी होतो, प्रवाह वाढतो, तार अधिक वेगाने वितळते व टोक आपोआप मागे सरते. टोक दूर गेले तर प्रवाह घटून वितळणे मंदावते व तार पुढे सरकते. अशा रीतीने प्रज्योतीची लांबी यंत्र स्वतःच राखते. याचाच दुसरा अर्थ असा की, मिग यंत्रावरील तारेच्या गतीची कळ ही वस्तुतः प्रवाहाची कळ होय. ०.८ मि.मी. जाडीची पोलादी तार मिनिटास पाच मीटर सोडली, तर प्रवाह शंभर अँपिअरच्या आसपास असतो.

यंत्र कोणी घ्यावे

हौशी कारागिराचे काम बहुधा एक ते चार मिलिमीटर जाडीच्या पोलादाचे असते. चौकोनी नळीची टेबले, झाडांच्या कुंड्यांचे स्टँड, सायकलची कॅरिअर, दाराची चौकट, गंजलेल्या पत्र्यास ठिगळ, अशी ही कामे असतात. यांपैकी दोन मिलिमीटरांखालच्या पत्र्यावर छडीने काम करणे नवशिक्यास कठीण जाते. छड अडकते, नाही तर पत्र्यास भोक पडते. येथे मिग खरोखर उपयोगी पडते. परंतु ज्यास शेतावर, उघड्या वाऱ्यात, पाच-सहा मिलिमीटरांचे अँगलच जोडावयाचे आहेत, त्याने साधे छडीचे यंत्र घ्यावे असेच आम्ही सांगू. ते हलके असते, सिलिंडर लागत नाही, आणि गंज व मळ बऱ्याच अंशी सहन करते. मिग पद्धतीस पृष्ठभाग ग्राइंडरने किंवा कानशीने लखलखीत केलेलाच लागतो. रंग, तेल व गंज यांवर मारलेली जोडरेषा मधमाशांच्या पोळ्यासारखी होते.

घरच्या खोबणीतून किती वीज मिळते

दुकानात यंत्रावर मोठ्या अक्षरांत ‘२००’ किंवा ‘२५०’ असा आकडा लिहिलेला आढळतो. खरेदीदार तो पाहून भुलतो. हा आकडा किती खरा ठरेल हे यंत्रापेक्षा भिंतीतील तारेवर अवलंबून असते, आणि त्याचा हिशेब शाळेतील विद्यार्थ्यासही करता येण्याजोगा आहे.

भारतात घरगुती वीज एकफेजी २३० व्होल्टची असते व घरातील मोठी खोबण १६ अँपिअरची. मिग यंत्राची चाचणी घेताना दाब व प्रवाह यांचा प्रमाणित संबंध असा धरतात: प्रवाहाच्या विसाव्या हिश्श्यात १४ मिळवावे, म्हणजे व्होल्ट निघतात. १०० अँपिअरला १९ व्होल्ट झाले. दोहोंचा गुणाकार १९०० वॉट. यंत्र स्वतः काही वीज उष्णतेच्या रूपाने दवडते. त्याची कार्यक्षमता शेकडा ८० धरली तर भिंतीतून सुमारे २३७५ वॉट घ्यावे लागतील. शिवाय साधे इन्व्हर्टर यंत्र भिंतीतील प्रवाह सलग न ओढता हिसक्याहिसक्याने ओढते. त्यामुळे त्याचा शक्तिगुणक ०.७ च्या आसपास असतो. २३७५ ला ०.७ ने भागले तर सुमारे ३४०० आणि २३० ने भागले तर जवळजवळ १५ अँपिअर. खोबण येथेच भरली. हाच हिशेब २०० अँपिअरसाठी केला तर दाब २४ व्होल्ट आणि भिंतीतील प्रवाह सुमारे ३७ अँपिअर निघतो. तेव्हा १६ अँपिअरच्या खोबणीस लावलेल्या यंत्रावर २०० लिहिलेले असो की २५०, ते सलग कामास शंभराच्या आसपासच द्यावयाचे. अधिक ओढले तर एमसीबी पडेल. एमसीबी नसेल किंवा कोणी मोठ्या क्षमतेची बसविली असेल, तर भिंतीतील तार तापेल, आणि हे अधिक वाईट.

हा शंभर अँपिअरचा पुरवठा किती जाडीस पुरतो? पातळ पोलादासाठी दर मिलिमीटरास ४० अँपिअर हे मान ठोकळ मानाने बरोबर आहे. म्हणजे अडीच मिलिमीटरांपर्यंत निश्चिंतपणे काम होईल. तीन मिलिमीटरांस १२० अँपिअर लागतात. त्यासाठी मीटरपासून स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र एमसीबी व मोठी खोबण परवानाधारक वीजतंत्र्याकडून बसवून घ्यावी. अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोचले आहे की केवळ खोबणीत तिसरे भोक आहे, हेही त्याच्याकडून मोजवून घ्यावे.

लांब जोडतार वापरण्याचा मोह अनेकांस होतो. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार तीस मीटर लांब घेतली, तर जाऊन-येऊन साठ मीटर तारेचा रोध सुमारे पाऊण ओहम होतो. पंधरा अँपिअरला त्यात अकरा व्होल्ट नाहीसे होतात आणि दीडशेहून अधिक वॉट उष्णता निर्माण होते. ती तार रिळावर गुंडाळलेलीच ठेवली, तर ही उष्णता बाहेर पडण्यास वाट राहत नाही व वरचे आवरण वितळते.

यंत्राच्या पाटीवर प्रवाहाशेजारी शेकडेवारीचा आणखी एक आकडा असतो, त्यास कार्यचक्र म्हणतात. दहा मिनिटांचा काळ घेतला तर त्यातील किती मिनिटे यंत्र सलग जळू शकते हे त्यावरून कळते. २०० अँपिअरला शेकडा २० म्हणजे दोन मिनिटे काम व आठ मिनिटे विश्रांती. यंत्रातील उष्णता स्थूलमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून हेच यंत्र १२० अँपिअरला शेकडा ५५ आणि ९० अँपिअरला अखंड चालेल. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ही चाचणी ४० अंश सेल्सिअसच्या हवेत घ्यावयाची असते. काही विक्रेते २५ अंशांवरचा आकडा छापतात. विदर्भातील किंवा राजस्थानातील मे महिन्यात त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. पाटीवर तापमान लिहिले नसेल तर तसे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर तेही एक उत्तरच समजावे.

जुनी यंत्रे रोहित्राची असत. ती जड, पण धुळीस व उंदरास न जुमानणारी. दाब मात्र चार-सहा टप्प्यांतच बदलतो. इन्व्हर्टर यंत्र प्रवाहाची आवर्तने प्रथम हजारोंच्या पटीत नेते व मग लहानशा रोहित्रातून दाब उतरविते. म्हणून ते एका हाताने उचलता येते व दाब हवा तसा सलग बदलता येतो. हौशी माणसास आज इन्व्हर्टरच सोयीचे आहे. मात्र त्याच्या पोटातील धूळ कोरड्या हवेने अधूनमधून काढावी. ग्राइंडरच्या ठिणग्यांतील लोखंडाची भुकटी पंख्यावाटे आत गेली, तर ती विजेच्या पट्ट्यांवर बसून यंत्राचा प्राण घेते.

खरेदीच्या वेळी झाकण उघडून तार ढकलणारी चाके जरूर पाहावीत. आकड्यांच्या झगमगाटात ही जागा सर्वांत दुर्लक्षित राहते, व हौशी यंत्रे बहुधा येथेच दगा देतात. चाकांचा सांगाडा धातूचा आहे की ठिसूळ प्लॅस्टिकचा, चाकाची खाच बदलता येते काय, रीळ एक किलोचेच बसते की पाच किलोचेही, टॉर्च सुटी करता येते काय, टिपा व नोझल आपल्या गावात मिळतात काय, हे प्रश्न विचारावेत. तार अडखळत आली तर प्रवाहही अडखळतो, हे वर सांगितलेल्या नियमावरून उघड आहे. शिवाय कोणत्या ध्रुवास टॉर्च जोडावयाची ते बदलण्याची सोय असलीच पाहिजे. त्याचे कारण पुढे येईल.

तारेच्या अंगचे गुण

बांधकामात सळ्या बांधावयाची साधी लोखंडी तार रिळावर गुंडाळून यंत्रात घातली तर चालेल काय? ती वितळेल, परंतु जोड फसफसेल. प्रज्योतीच्या उष्णतेत कार्बन डाय-ऑक्साइडचे काही अंशी विघटन होऊन कार्बन मोनॉक्साइड व प्राणवायू सुटतात. हा प्राणवायू वितळलेल्या लोखंडाशी संयोग पावतो. पुढे तो पोलादातील कार्बनाशी मिळून पुन्हा कार्बन मोनॉक्साइडचे बुडबुडे बनवितो, व धातू थिजताना ते आत कोंडले जातात. यावर तोड अशी की, लोखंड व कार्बन यांच्याहूनही प्राणवायूची ओढ ज्यांस अधिक आहे असे मँगॅनीज व सिलिकॉन तारेतच मिसळून ठेवावयाचे. ते प्राणवायू आधीच गिळतात व त्यांची काचेसारखी मळी पृष्ठभागावर तरंगते. मिगच्या ताज्या जोडरेषेवर तपकिरी काचेचे जे लहान ठिपके दिसतात व टोचणीने टचकन उडतात, ते हेच. त्यांना दोष समजण्याचे कारण नाही. ते आपले काम करून बाहेर पडले आहेत.

बाजारात सर्वांत अधिक आढळणाऱ्या तारेवर ‘ईआर ७०एस-६’ अशी खूण असते. ही अमेरिकन मानकाची भाषा होय. त्यातील ‘७०’ हा आकडा जोडाची किमान ताणशक्ती सांगतो: दर चौरस इंचास ७० हजार पौंड, म्हणजे दर चौरस मिलिमीटरास सुमारे ४९ किलोग्रॅम भार. नेहमीच्या इमारती पोलादाची ताणशक्ती ४२ च्या आसपास असते. म्हणजे नीट घातलेला जोड मूळ पोलादाहून दुबळा नसतो. ‘एस’ म्हणजे भरीव तार. शेवटचा ‘६’ तिची घटना दाखवितो: मँगॅनीज शेकडा १.४० ते १.८५ व सिलिकॉन शेकडा ०.८० ते १.१५. याच मालिकेतील ‘३’ क्रमांकाच्या तारेत हे दोन्ही कमी असतात. ती स्वच्छ पत्र्यावर व आर्गॉनमिश्रित वायूत चांगली चालते. कार्बन डाय-ऑक्साइड वापरणाऱ्याने व ज्याच्या पत्र्यावर थोडाफार गंज राहणारच त्याने ‘६’ च घ्यावी. भारतीय मानकात या तारांचा विचार आय.एस. ६४१९ मध्ये केलेला आहे.

तारेवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. त्याने गंज थांबतो व टिपेत वीज सहज मिळते. तथापि मुलामा म्हणजे कवच नव्हे. कोकणात, बंगालमध्ये किंवा केरळात पावसाळाभर रीळ यंत्रात उघडे राहिले, तर तारेवर गंजाचे डाग येतात, व तो गंज नळीच्या अस्तरात साचून तार अडू लागते. काम संपताच रीळ काढून घट्ट डब्यात ठेवावे. हौशी माणसाने मोठे रीळ स्वस्त पडते म्हणून घेऊ नये याचेही हेच कारण. हिशेब करून पाहा. ०.८ मि.मी. तारेचे पाच किलो म्हणजे सुमारे साडेबाराशे मीटर. मिनिटास पाच मीटर या गतीने ते चार तासांहून अधिक वेळ जळेल. प्रत्यक्ष कामात खटका दाबलेला असतो तो वेळ फार थोडा. कापणे, घासणे व मांडणे यांतच दिवस जातो. तेव्हा चार तासांची प्रज्योत म्हणजे अनेक रविवार झाले. एक किलोचे रीळ पन्नास मिनिटे पुरते. पहिल्या सरावास ते पुरेसे आहे.

जाडी निवडताना पुष्कळांची चूक होते. जाड तार म्हणजे मजबूत जोड, असे त्यांस वाटते. तार बारीक असली तर तेवढाच प्रवाह लहान छेदातून जातो व प्रज्योत कमी प्रवाहावरही स्थिर राहते. १.२ मि.मी. तारेचा छेद ०.८ मि.मी. तारेच्या सव्वादोनपट असतो. तिला शांतपणे जळण्यास लागणारा प्रवाह घरगुती खोबण देऊ शकत नाही, आणि जेथे देते तेथे पातळ नळीस भोक पडते. एक ते चार मिलिमीटरांच्या कामास ०.८ ची तार सर्वांत सोयीची. मोटारीच्या पत्र्यासारख्या एक मिलिमीटरखालच्या कामासाठी ०.६ ची घ्यावी. टिप व चाकाची खाच तारेच्याच मापाची हवी. ०.८ च्या तारेस १.० ची टिप लावली तर तार आत हलते व वीज तुटकपणे मिळते.

वायू की वायूविना

वायूत निवड मुख्यतः दोहोंतून करावयाची. शुद्ध कार्बन डाय-ऑक्साइड स्वस्त असतो व खोल शिरतो, पण शिंतोडे अधिक उडतात. आर्गॉनचे ७५ ते ८० भाग व कार्बन डाय-ऑक्साइडचे उरलेले, असे मिश्रण घेतले तर प्रज्योत शांत असते, जोडरेषा सपाट व देखणी येते, परंतु मोल अधिक पडते. शुद्ध आर्गॉन पोलादास चालत नाही, तो ॲल्युमिनियमसाठी. त्या धातूची तार शेवयांसारखी मऊ असल्याने तिला वेगळी चाके व वेगळे अस्तर लागते. अगंज पोलादासही त्याचीच तार व वेगळे मिश्रण हवे. पहिल्या वर्षी हौशी माणसाने या दोहोंच्या वाटेस न जाणे बरे.

पाच किलो कार्बन डाय-ऑक्साइड म्हणजे बाहेरच्या दाबास पावणेतीन हजार लिटरांच्या आसपास वायू. मिनिटास दहा लिटर सोडला तर साडेचार तास पुरतो. म्हणजे पाच किलो तारेस पाच किलो वायू, असे सोपे प्रमाण बसते. हा वायू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, त्यामुळे दाबमापकावरून तो किती उरला हे समजत नाही. द्रव संपेपर्यंत काटा जवळजवळ जागीच राहतो. म्हणून सिलिंडर तोलून पाहावा. ३१ अंश सेल्सिअसच्या वर मात्र हा वायू कितीही दाबला तरी द्रवरूपात राहू शकत नाही व सिलिंडरमधील दाब तापमानाबरोबर झपाट्याने चढतो. भारतीय उन्हाळ्यात ही मर्यादा नित्य ओलांडली जाते. म्हणून सिलिंडर सावलीत, उभा व साखळीने बांधलेला असावा. शिवाय हे दोन्ही वायू हवेहून जड आहेत. बंद खोलीत ते जमिनीलगत साचतात व त्यांना वास नसतो.

ज्यास सिलिंडर नको त्याच्यासाठी पोकळ तार असते. तिच्या पोटात अभिवाहाची भुकटी भरलेली असून ती जळताना स्वतःच वायू व मळी निर्माण करते. ही जणू उलटी फिरविलेली छड होय: लेप बाहेर असतो तो येथे आत गेला. ‘ई७१टी-जीएस’ ही एकाच थराच्या, पातळ कामाची. ‘ई७१टी-११’ ने थरावर थर देता येतात. उघड्यावर, जेथे ताशी सात-आठ किलोमीटरांचा वारादेखील वायूचे आवरण उडवून लावतो, तेथे हीच तार कामास येते. पण तिच्यासाठी ध्रुव बदलावे लागतात. वायूसह भरीव तार असता टॉर्च धन ध्रुवास जोडतात. वायूविना पोकळ तार असता ऋण ध्रुवास. हा बदल न करता काम सुरू केले की शिंतोड्यांचा पाऊस पडतो, जोडरेषा उंच व भुसभुशीत होते, आणि बिचाऱ्या तारेस नावे ठेवली जातात. चाकाची खाचही निराळी, दातेरी हवी. गुळगुळीत चाक घट्ट आवळले तर पोकळ तार चेपते. टॉर्च भरीव तारेत पुढे ढकलीत नेली तरी चालते, पोकळ तारेत मळी मागे राहावी म्हणून ती आपल्याकडे ओढीत आणावी. टिपेबाहेर तार भरीव असेल तर सुमारे दहा मिलिमीटर व पोकळ असेल तर पंधरा मिलिमीटर असू द्यावी. या तारेचा धूर पुष्कळ असतो. घरात काम करणाऱ्याने तिची निवड करण्यापूर्वी याचा विचार करावा.

शरीराचे रक्षण

प्रज्योतीतून जंबुपार किरण निघतात. ते डोळ्यांत गेले तर त्या वेळी काहीच कळत नाही. पाच-सहा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. यासच लोक ‘वेल्डिंग लागली’ असे म्हणतात. काळा चष्मा यास उपयोगी नाही. चेहरा, कान व गळा झाकणारा मुखवटा व त्यात १० किंवा ११ क्रमांकाची काच हवी. पाहावयास जमलेली मुले हा खरा धोका आहे. त्यांच्यासाठी पडदा लावावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर व त्यातील जंबुपार किरण या दोहोंस मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या कारणांत गणले. तेव्हा दारे उघडी ठेवावीत व धूर चेहऱ्यावर येणार नाही असे उभे राहावे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाण्याच्या नळ्या जोडणे टाळावे. जस्त ९०७ अंशांस उकळते, पोलाद वितळते ते पंधराशेच्या आसपास. त्यामुळे जस्ताची वाफ होणे अटळ असते, व ती हुंगल्याने रात्री हीव भरून ताप येतो. मुलामा कडेपासून चांगला दूरवर घासून काढल्याशिवाय अशा नळीस टॉर्च लावू नये. पेट्रोलची टाकी किंवा तेलाचे पिंप रिकामे दिसले तरी त्यास कदापि हात लावू नये.

जोड पारखावा कसा

मिग पद्धतीचा एक दुर्गुण विक्रेते सांगत नाहीत. छडीचा वाईट जोड वाईट दिसतो. मिगचा वाईट जोड पुष्कळदा सुंदर दिसतो. प्रवाह अपुरा असताही तार वितळतच राहते व तिची गोल, चमकदार वळी पत्र्यावर पसरते. खालचा पत्रा मात्र वितळलेला नसतो. प्रारंभी सांगितलेला भेद येथे येतो: आपण वितळजोड केला असे वाटते, प्रत्यक्षात फक्त वर धातू चिकटविलेला असतो. पाण्याच्या टाकीचा स्टँड किंवा माळ्याची शिडी अशा जोडावर उभी राहते, महिनोन्‌महिने टिकते, आणि एके दिवशी सुटते.

म्हणून पहिले रीळ वस्तू करण्यात न घालविता तुकडे मोडण्यात घालवावे. तीन मिलिमीटर जाडीच्या व पन्नास मिलिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एक आडवी ठेवून तिच्यावर दुसरी काटकोनात उभी करावी आणि एकाच बाजूने जोडावी. निवाल्यावर शेगड्यात पकडून उभी पट्टी जोड असलेल्या बाजूकडे हातोडीने वाकवावी, म्हणजे जोडाचे मूळ ताणले जाऊन उघडेल. पट्टी वाकली व जोड शाबूत राहिला, किंवा जोडाचा धातू मधून फाटून खरबरीत, करडा छेद दिसला, तर काम बरे आहे. पण जोडरेषा पापुद्र्यासारखी सुटून आली आणि तिच्याखाली पट्टीचा मूळ गुळगुळीत पृष्ठभाग, त्यावरील कानशीच्या रेघांसह, जसाच्या तसा दिसला, तर वितळणे झालेच नाही असे समजावे.

अधिक पारख करावयाची असेल तर दुसरा नमुना न मोडता आडवा कापावा, कानशीने सपाट करून बारीक पॉलिश कागदाने घासावा व त्यावर फेरिक क्लोराइडचा सौम्य द्राव लावावा. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग सहज होतो. मिनिटाभरात जोडाचा धातू व मूळ पोलाद यांच्यातील सीमारेषा उमटते, आणि तार पट्टीत किती शिरली हे पट्टीने मोजता येते. रेषा दोन्ही पट्ट्यांच्या आत गेलेली असावी व कोपऱ्यापर्यंत पोहोचलेली असावी. ती वरच अडली असेल तर तारेची गती व दाब मिळून वाढवावेत, टॉर्च डबक्याच्या मागे न ठेवता पुढच्या काठावर ठेवावी, आणि पुन्हा एक नमुना कापावा. खोबणीतून मिळणारा प्रवाह पुरा वापरूनही रेषा आत जात नसेल, तर त्या जाडीचे काम त्या यंत्राचे नव्हे. तो तुकडा व्यावसायिक कारागिराकडे न्यावा.